शेवट कुणी फोडला

सरकारी नोकरांना माउस धरायला शिकवायचा सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे खून. हे मला मोखाड्यात कळलं.

नवं शतक लागून चार-पाच वर्षं झाली असतील. आमचा जिल्हा तेव्हा अजून ठाणेच होता. मी राहायला जव्हारला आणि माझा संगणकाचा वर्ग मोखाड्याला. जव्हारात आधीच वर्ग निघाले होते. मोखाड्यात एकही नव्हता, आणि तहसील, पंचायत समिती, आरोग्य केंद्र, शाळा मिळून सरकारी माणसं भरपूर. त्या सगळ्यांना सरकारने संगणकाची परीक्षा सक्तीची केली होती. म्हणजे माझी गिऱ्हाइकं सरकारच माझ्याकडे पाठवत होतं. किराणा दुकानामागची खोली, तीन मशीन आणि एक इन्व्हर्टर एवढ्यावर मी वर्ग मांडला.

माणसं येत, पण हाताने नाही, फक्त शरीराने. माउसला हात लावायचा म्हटलं की यांच्या बोटांना घाम. तहसीलमधले भाऊसाहेब माउस पेपरवेटसारखा दाबून धरायचे. आरोग्य केंद्रातली सिस्टर, जी डोळे मिटून सुई टोचेल, ती बाण कोपऱ्यात गेला की "गेला, गेला" म्हणत खुर्ची मागे सरकवायची. निवृत्तीला आलेले एक गुरुजी तर माउस सरळ हवेत उचलायचे आणि बाण हलत नाही म्हणून मशीनला नावं ठेवायचे. मी त्यांना रेघोट्या मारायला लावलं, पत्त्यांचा खेळ दिला. दोन दिवसांत कंटाळले.

ठाण्याला माझा भाऊ होता. त्याने एक खेळाची सीडी कॉपी करून दिली होती. परदेशात कुठेतरी तळ्याकाठी जुनं हॉटेल आहे, मालक सकाळी मेलेला सापडतो आणि पाहुणा म्हणून उतरून आपण खुनी शोधायचा. त्यात गोळीबार नाही, पळापळ नाही. दारावर दोनदा टिचकी मारली की दार उघडतं. किल्ली धरून ओढत कुलपावर नेली की कुलूप निघतं. उशीखाली, फडताळात, चुलीच्या राखेत बारीक बारीक वस्तू असतात, त्यावर नेमका बाण न्यावा लागतो. उठताना खेळ आपापल्या नावाच्या फोल्डरात साठवून ठेवायचा, नाहीतर उद्या पहिल्यापासून. परीक्षेला जे जे यायला हवं, ते सगळं यात होतं. पावसाळ्यात वर्ग रिकामा असताना मी हा खेळ संपवला होता. शेवट वर्गात फक्त मला माहीत, अशी माझी समजूत होती.

धडा झाला की ज्याने त्याने अर्धा तास खेळायचं, असा नियम केला. संवाद इंग्रजीत होते, ते मी मराठीत सांगायचे. आठवड्याभरात खोलीचं रूप पालटलं.

"पंचनामाच चुकीचा आहे," भाऊसाहेब पहिल्याच दिवशी म्हणाले. "पंच कुठायत? सह्या कुठायत? असल्या केसमध्ये कुणीही सुटेल."

"तो डॉक्टर मढं न बघता आधी हात धुवायला गेला," सिस्टर म्हणाली. "आमच्याकडे असं केलं तर मेमो मिळेल."

गुरुजींचा रोख मालकाच्या बहिणीवर होता. "इस्टेट कुणाला जाते ते बघा. बाकी सगळी नाटकं."

"गुरुजी, तुमच्या भावकीची केस इथे आणू नका," भाऊसाहेब म्हणाले.

अशी ही मंडळी. यांची नोकरी पक्की होती, परीक्षा हुकली तर फार तर वेतनवाढ लांबणार होती. वर्गात एकच बाई अशी होती, जिचं सगळं या परीक्षेवर होतं.

सूर्यमाळच्या अंगाला एक पाडा आहे, तिथली ती. नवरा पंचायत समितीत कारकून होता, तापाचं निमित्त होऊन गेला. अनुकंपेवर तिला त्याच कार्यालयात कनिष्ठ लिपिकाची जागा मिळाली. अट अशी, की ठरल्या मुदतीत संगणकाची परीक्षा पास व्हायचं. एकदा ती नापास झाली होती. मुदतीच्या आत आता एकच परीक्षा उरली होती. ती हुकली की नेमणूक रद्द. मग दोन मुलांना घेऊन पाड्यावर परत आणि दिवाळी झाली की वीटभट्टी. तिच्या दोन्ही बहिणी दरवर्षी भिवंडीकडे भट्टीवर जात. ती हे रडून वगैरे सांगत नसे. "नायतर भट्टी," एवढंच म्हणायची, जणू पुढचा थांबा कुठला ते सांगतेय. आम्ही सगळे तिला ताई म्हणायचो.

ताईची मराठी शाळेत शिकलेली, घरची बोली वेगळी. बोलणं मोजकं. पहिल्या महिन्यात ती माउसकडे असं बघायची, की तो चावेल. खेळ सुरू झाल्यावर मात्र तिचा हात टेबलावर टिकायला लागला. ती पाड्यावरून पहिल्या जीपने यायची, कार्यालय उघडायला वेळ असायचा. मी दुपारच्या एसटीने पोचायचे. म्हणून दुकानवाल्या वहिनींना सांगून ठेवलं होतं, की सकाळी ताईला खोली उघडून द्या. सकाळी वीजही असायची. टायपिंग कर, असं मी तिला बजावलं होतं. ती मान हलवायची.

असं सगळं मार्गी लागलं असताना एका संध्याकाळी भाऊसाहेब साप्ताहिक हातात घेऊन आले.

"मॅडम, खुनी सापडला."

"कुठे?"

"चौथ्या पानावर."

आमच्या भागात येणारं ते साप्ताहिक. चौथ्या पानावर शेतीचा सल्ला, राशिभविष्य आणि नुकतंच सुरू झालेलं संगणकाचं सदर. लिहिणाऱ्याचं नाव नाही, खाली नुसतं 'जाणकार'. त्या आठवड्यात जाणकारांनी आमच्या खेळाची ओळख करून दिली होती. हॉटेल कसं, तळं कसं, कोण कोण राहतं, आणि मग दुसऱ्याच परिच्छेदात, खून डॉक्टरने केला, विष औषधाच्या बाटलीतून दिलं, बाटली घड्याळामागे सापडते. मथळ्यातच होतं: 'डॉक्टरच निघाला खुनी'.

"मला वाटलंच होतं," सिस्टर म्हणाली. "हात धुतले तेव्हाच."

"वाटलं होतं तर बोलायचं होतं," गुरुजी म्हणाले. ते खरोखर चिडले होते. "मी तीन दिवस त्या बहिणीचे कपडे उलटेपालटे करतोय. आता मी कशाला खोल्या झाडत बसू?"

त्या दिवशी अर्ध्या तासाला कुणी थांबलं नाही. दुसऱ्या दिवशी भाऊसाहेब बसले, पण सरळ घड्याळामागे गेले, बाटली काढली आणि उठले. पुढच्या दिवसापासून "मॅडम, आज जरा काम आहे" सुरू झालं. मला त्यांची काळजी नव्हती. काळजी ताईची होती. ती त्या दिवशी आली नव्हती, धाकटा आजारी होता. तिला शेवट कळला आणि तिनेही माउस सोडला, तर परीक्षेपर्यंत हात पुन्हा लाकूड होणार, हे मला दिसत होतं.

मी साप्ताहिकाचा तो अंक गुंडाळून पिशवीत टाकला आणि तिघांना ताकीद दिली. "ताईसमोर डॉक्टर हा शब्द काढायचा नाही."

"आणि मी ड्यूटीचं काय बोलू?" सिस्टर म्हणाली.

"तुझा डॉक्टर चालेल. हॉटेलचा नको."

मग मी तो मजकूर घरी नेऊन शांतपणे वाचला. माझा स्वभाव संशयी आहे. नवऱ्याच्या मते हा दोष आहे, माझ्या मते सवय. मजकुराच्या शेवटी जाणकारांनी लिहिलं होतं, की खुनी उघड झाल्याबरोबर पडदा एकदम काळा होतो आणि खेळ आपोआप बंद पडतो. आणि पुढे: गुन्हेगाराच्या वाट्याला अखेर अंधारच येतो हे खेळाच्या कर्त्याने यातून किती परिणामकारकपणे सुचवले आहे.

मी भावाला फोन लावला. तो म्हणाला, मूळ सीडीत शेवटी छोटासा सिनेमा आहे. पोलीस येतात, बोट येते, तळ्यावर ऊन पडतं. आमच्या सीडीत तो नव्हता, कारण आमची सीडी चोरटी कॉपी होती आणि तिथे येऊन ती अडकायची. पडदा काळा होणं हे त्या कर्त्याचं नव्हे, माझ्या भावाचं काम होतं. म्हणजे जाणकारांनी हे कुठल्या इंग्रजी मासिकातून उचललेलं नव्हतं. शेवट फुटला होता तो माझ्याच खोलीतून.

तिथून माझी झोप गेली असं म्हणणार नाही. मी नीट झोपते. पण दिवसा मात्र मी सगळ्यांकडे बघायला लागले.

भाऊसाहेबांचा फोटो त्या साप्ताहिकात दोनदा आला होता, एकदा सत्काराचा आणि एकदा नुसताच. फोटो फुकट येत नाहीत. गुरुजी त्याच पानावर कधीमधी कविता देत, आणि त्यांचं चिडणं मला आता जरा जास्तच वाटायला लागलं. सिस्टरचा भाऊ नाशिकला संगणकाच्या दुकानात होता, आणि तिला खुनी आधीच ओळखू आला होता म्हणे. मी दुपारी वर्ग रिकामा असताना तिघांचे फोल्डर उघडून बघितले. भाऊसाहेब छापून आल्यानंतर थेट बाटलीपर्यंत गेलेले, त्याआधी कोठीघरात अडकलेले. गुरुजी बहिणीच्या खोलीत. सिस्टर स्वयंपाकघरात. शेवटाच्या जवळ कुणीच नाही. पण दुसऱ्या नावाने खेळ साठवणं काही अवघड नसतं, मीच शिकवलं होतं. ताईचा फोल्डर मी उघडला नाही. तिच्यावर संशय घ्यावा असं तिच्याकडे काय होतं?

मोखाड्याच्या बाजाराच्या दिवशी साप्ताहिकाचा वार्ताहर मला जीपच्या स्टँडवर सापडला. बातम्या लिहिणं, जाहिराती आणणं आणि अंक विकणं ही तिन्ही कामं तो एकटाच करायचा. संगणक चालू कुठून करतात हे त्याला माहीत नव्हतं, हे मला पक्कं माहीत होतं.

"जाणकार म्हणजे तुम्हीच ना?"

"लेखन माझं. माहिती जाणकारांची."

"कुणाची?"

"मॅडम, सूत्रं सांगता येत नाहीत. आमचा धर्म आहे तो."

"तुमचा धर्म राहू द्या. गोष्टीतला खुनी कुणी आधी सांगतं का? माझा वर्ग ओस पडला."

तो खरंच गोंधळला. "खुनी सापडला, तर छापायचं नाही? मॅडम, बातमी आणखी काय असते?"

"ती बातमी नाही, खेळ आहे. ज्याला खेळायचंय त्याला शेवट कळून कसं चालेल?"

"आता मला सांगा, तुमची तीन मशीन सोडून अख्ख्या तालुक्यात हा खेळ कुठे आहे? खेळणारे तुम्ही पाच जण. वाचणारे बाकी सगळे. त्यांच्या हाताला तो कधी लागणार नाही. त्यांनी काय खुनी कोण याचा विचार करत मरायचं?"

मी एवढंच विचारलं, "माणूस माझ्या वर्गातला आहे?"

"ते तुम्हाला माहीतच आहे म्हणून तर विचारताय," तो म्हणाला आणि जीपच्या टपावर अंकांचा गठ्ठा चढवायला गेला.

पुढच्या आठवड्यात ताई संध्याकाळच्या तासाला होती. बाकीचे निघून गेले होते. ती खेळायला बसली, मी मागे उभी राहिले. ती स्वयंपाकघरात सावकाश फिरत होती. मग माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "म्याडम, त्या डॉक्टराला पुढं काय होतं?"

मला वाटलं, झालं. कुणीतरी बोललंच. आणि मी विचार न करता खोटं बोलले.

"कुठला डॉक्टर? लोक काहीही बोलतात. डॉक्टर शेवट नाही. पुढे आणखी एक वाट आहे."

तिचा हात थांबला. "आणखी?"

"तळ्याकाठी बोट आहे ना, तिची किल्ली हॉटेलात कुठेतरी आहे. ती सापडली की खरा माणूस वेगळाच निघतो. हे कुणालाच माहीत नाही. तू शोध."

तिने माझ्याकडे एकदा बघितलं. "बरं," म्हणाली आणि पुन्हा फडताळं उघडायला लागली. मी स्वतःवर खूश झाले. बोटीला किल्ली नव्हतीच. शोधत राहिली असती परीक्षेपर्यंत, हात चालता राहिला असता. बस्स.

त्यानंतरच्या अंकात सदराचा मथळा होता: 'डॉक्टर निर्दोष? बोटीच्या किल्लीचे गूढ'. खात्रीलायक सूत्रांकडून असे समजते, की या खेळाला दुसराही शेवट आहे, वगैरे.

मी अंक हातात घेऊन दुकानाच्या पायरीवर बसले. बोटीची किल्ली मी एकाच माणसाला सांगितली होती.

दुसऱ्या दिवशी मी जव्हारहून पहिल्या एसटीने निघाले. वर्गाचं दार उघडं होतं. ताई मधल्या मशीनवर बसली होती, पाठ माझ्याकडे. मी दारातच थांबले. तिचा हात बघत राहिले. जिना, गॅलरी, खोली, फडताळ, बंद, बाहेर. बाण थांबतच नव्हता. मला जिथे दोनदा टिचकी मारावी लागायची तिथे तिचं बोट नुसतं टेकून जात होतं. माझ्यासमोर संध्याकाळी सावकाश फिरणारी बाई ही नव्हेच.

"किल्ली मिळाली का?" मी विचारलं.

ती दचकली नाही. "नाय. सगळ्या खोल्या उलट्या केल्या. माळ्यावरल्या पेटीत पण नाय."

"तू खेळ कधी संपवलास?"

"कधीचाच." तिने खुर्ची वळवली. "रोज सकाळी पहिल्यापासून करते. आता कार्यालय उघडायच्या आत होतो पुरा."

"आणि वार्ताहराला शेवट तू सांगितलास?"

"त्याला एकट्यालाच नाय. सगळ्या जीपला सांगितला." यात काही लपवायचं आहे असं तिच्या चेहऱ्यावर कुठेही नव्हतं. जीप सावकाश येते, माणसं दाटीवाटीने बसलेली. कुणीतरी विचारलं, त्या वर्गात तू करतेस काय, म्हणून तिने हॉटेलची गोष्ट सांगितली. दुसऱ्या दिवशी लोक पुढचं विचारायला लागले. वार्ताहर त्याच जीपने यायचा, तोही ऐकायचा.

"पण खुनी कशाला सांगायचा? मग मजा काय राहिली?"

"खुनी तर मी पहिल्या दिवशीच सांगितला," ती म्हणाली. "आधी सांगितल्याबिगर माणसं ऐकतील कशाला? म्याडम, तुम्ही बोहाडा बघितला ना?"

मी बघितला होता. जव्हार-मोखाड्याकडे राहून मुखवट्यांचा बोहाडा बघितला नाही असं होत नाही.

"शेवटी देवी येते न् राक्षसाला मारते, ते पोराटोरांना पण माहीत. मुखवट्याच्या आत कोण हाय ते पण माहीत. कुणाच्या घरचं सोंग कुठलं, ठरलेलंच असतं. म्हणून कुणी घरी जातं का? उलट कोण येतोय ते माहीत असलं की तो कसा नाचतो ते बघता येतं. डॉक्टर कसा बोलतो, कसा हात धुतो, तेच जीपमध्ये सगळ्यांना पायजे असतं. मला परत परत सांगायला लावतात."

मग माझ्या लक्षात आलं, की तिने मला विचारलेला प्रश्न खराच होता. डॉक्टराचं पुढं काय होतं, हे तिला खरंच कळलं नव्हतं, कारण माझी सीडी तिथे काळी पडत होती. मी त्या प्रश्नाला घाबरून तिला एक नसलेली किल्ली शोधायला लावलं होतं.

"ताई, बोटीची किल्ली नाही," मी म्हणाले. "दुसरा शेवटही नाही. मी खोटं बोलले."

तिच्या पाड्यावर लहानमोठ्या सगळ्यांना 'तू'च म्हणतात. माझ्याशी ती शाळेतलं 'तुम्ही' वापरायची. ते त्या सकाळी गळून पडलं.

"खोटं कशाला सांगितलंस?"

"तू खेळणं सोडू नयेस म्हणून. परीक्षा जवळ आली."

"मी सांगितलं सगळ्यांना. आता किल्ली कुठाय विचारतात रोज. मी काय सांगू, म्याडमनी फसवलं? न् परीक्षा जवळ आल्यावर मी खेळ सोडीन कशाला?"

"खेळ फक्त हात बसावा म्हणून. परीक्षेत खेळ येणार नाही."

हे ऐकून तिचा चेहरा पहिल्यांदा बदलला. "नाय येणार?"

"नाही."

"मग मी इतके दिस केलं काय?" ती उठली. "मागल्या बारीला पत्र होतं, पण तू वर्गात हे शिकवतेस, म्हणजे आता परीक्षेत तेच येणार. मला तर वाटलं, हा खेळ पुरा करून दाखवायला लावतील."

"सकाळी टायपिंग करत होतीस ना?"

"नाय. ते खेळात नाय लागत."

म्हणजे परीक्षा आठवड्यावर आलेली, माउस माझ्याहून सफाईने चालवणारी बाई, आणि टायपिंगच्या नावाने शून्य. ती पिशवी उचलून दाराकडे निघाली. माझ्यावर विश्वास ठेवायचं तिला आता काही कारण नव्हतं. खोटी परीक्षा, खोटी किल्ली, तिच्या जागी मी असते तर मीही निघाले असते.

मी तिला थांब म्हटलं नाही, कारण ती थांबली नसती. मी म्हटलं, "जीपला काय सांगणार?"

ती दारात थांबली.

"वर्तमानपत्रात एकदा छापून आलं, की तू तोंडी कितीही सांग, लोक किल्लीच शोधणार. खुलासा द्यायला लागतो. छापील. तो तू टाइप कर. मी माझ्या नावाने सही करते, की मी चुकीचं सांगितलं."

"तुझ्या नावाने?"

"माझ्याच."

तिने यात काही डाव आहे का, हे बराच वेळ बघितलं. मग पिशवी खाली ठेवली. "लिहून दाखव आधी," म्हणाली.

मी कागदावर लिहून दिलं. तिने ते वाचलं, 'गैरसमज झाला' हे शब्द खोडायला लावले आणि 'खोटे सांगितले' असं घालायला लावलं. मग कीबोर्डसमोर बसली आणि 'ख' शोधायला लागली.

त्या एका खुलाशावर आम्ही तो आठवडा काढला. पहिल्या दिवशी चार ओळींना सकाळ गेली. चुकलं की मी खोडायला लावायचे, पुन्हा पहिल्यापासून. दोन दिवसांनी तिला मजकूर पाठ झाला, तेव्हा मी तो बदलला, जीपमध्ये सांगतेस तसं हॉटेल लिही म्हटलं. मग ती चौकटी आखून त्यात हॉटेलातली माणसं भरायला शिकली, कोण, कुठली खोली, खून केला की नाही. तिच्या तक्त्यात डॉक्टर पहिल्याच ओळीत असायचा. मजकूर साठवणं, शोधणं, फोल्डर बदलणं यात मला एक अक्षर सांगावं लागलं नाही. संध्याकाळी बाकीची मंडळी आली की मी त्यांना गप्प बसवायचे. तिघांवरही मी संशय घेतला होता हे त्यांना एव्हाना कळलं होतं.

"माझा फोल्डर उघडून बघितलात म्हणे," गुरुजी म्हणाले.

"बघितला."

"बहिणीच्या खोलीतच सापडलो ना? मग अब्रू गेली माझी."

"भाऊसाहेबांचा फोटो कशाचा आला होता ते पण मॅडमनी शोधलंय," सिस्टर म्हणाली. भाऊसाहेब दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलले.

खुलासा वार्ताहराने छापला, अगदी लहान, राशिभविष्याच्या खाली. मथळा मात्र त्याचा: 'किल्ली नव्हतीच: वर्गचालिकेची कबुली'. ताईने तो अंक जीपमध्ये फिरवला. मला नंतर जीपवाल्यानेच सांगितलं.

परीक्षा जव्हारच्या केंद्रावर झाली. बाहेरच्या शिक्षकाला आत सोडत नाहीत, मी रस्त्यापलीकडच्या टपरीवर बसून राहिले. भाऊसाहेब बाहेर आले ते "सोपं होतं" म्हणत, त्यावरून काही कळायचं नाही. ताई सगळ्यांच्या शेवटी आली.

"काय दिलं होतं?"

"पत्र. तक्ता. न् फाइल हरवलेली शोधायची."

"टायपिंग पुरं झालं?"

"दोन ओळी राहिल्या." ती टपरीच्या बाकावर बसली. "फाइल लगेच सापडली. लोक अजून शोधतायत आत."

दोन ओळी राहिल्या म्हणजे काय, याचा हिशोब मला जमत नव्हता आणि तिच्यासमोर तोंडावर दाखवायचाही नव्हता. तिला ते कळलंच. "खोटं सांगू नको आता," ती म्हणाली. "पास का नापास?"

"माहीत नाही," मी म्हणाले. ते खरं होतं.

निकाल लागायला बराच काळ गेला, आणि त्या काळात ती कार्यालयात रोज जाऊन बसत होती आणि मुदत संपत आलेली होती. निकाल आला तेव्हा ती पास होती, काठावर, पण पास. प्रमाणपत्राची प्रत तिने कार्यालयात लावली आणि नेमणूक कायम झाल्याचा आदेश निघाला. हे मला तिने नाही, भाऊसाहेबांनी सांगितलं. त्यांना वेतनवाढ मिळाली होती, त्यामुळे ते पुन्हा बोलायला लागले होते.

ताई आली ती त्यानंतर पंधरवड्याने, कार्यालय सुटल्यावर. मी भावाकडून एक नवीन सीडी आणली होती. या वेळी पैसे देऊन घेतलेली. आगगाडीत चोरी होते आणि चोर शोधायचा. मी तिला मशीन लावून दिलं. ती बसली नाही. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

"चोर कोण ते आधी सांग."

मी सांगितलं. तिकीट तपासनीस.

ती शेजारच्या मशीनवर बसलेल्या गुरुजींकडे वळली. "गुरुजी, तुम्ही बसा. शेवटापर्यंत करा, न् तिकीट तपासनीसच निघतो का बघा. मग मी बसते."

गुरुजी निवृत्त झाले होते, त्यांना वेळ होता. त्यांना चार दिवस लागले.